मे महिन्यातली चीज घातलेली सॅलड्स: २० जणांसाठी, पाणी न सुटता कशी करावीत?

मोहरीची_फोडणी

मेच्या पहिल्या सोमवारी इथे इंग्लंडात सुट्टी असते. त्या दिवशी मंडळाचं महाराष्ट्र दिनाचं जेवण ठरलंय. माणसं २०, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, आणि माझ्या वाट्याला सॅलड आलंय. बाजारात सध्या अ‍ॅस्परॅगस, लाल मुळे, मटार, कॉस लेट्यूस, रॉकेटची तिखट पानं, जर्सी रॉयल हे कोवळे बटाटे असं सगळं ताजं येतंय. त्यामुळे नेहमीची काकडी-टोमॅटोची कोशिंबीर सोडून चीज घातलेली तीन सॅलड्स करावीत असा विचार आहे.

नेहमी अडतं ते इथे:

- फेटा चीज घालून ढवळलं की त्याचा चुरा होतो आणि सगळा पांढरट गिचका दिसतो.
- तासाभरात भांड्याच्या तळाशी पाणी साचतं, चवही पांचट होते.
- अ‍ॅस्परॅगस आणि मटार उकडल्यावर शेवाळी होतात. चिमूटभर सोडा घातला तर रंग राहतो, पण लगदा होतो.
- पाचसहा जण कडक शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. त्यांना कुठलं चीज चालेल?

घरून ११ ला निघायचं, जेवण १२:३० ला. हॉलमध्ये एक लहान फ्रिज आणि पाण्याची किटली, एवढंच आहे.

---

खारवलेलं_लिंबू

पहिली सूचना: तीन नको, दोन करा. एक पानांचं, एक बटाट्याचं. पानांचं सॅलड ऐनवेळी कालवावं लागतं, आणि अशी दोन सॅलड्स एका माणसाला एका वेळी झेपत नाहीत. बटाट्याचं मात्र आदल्या रात्री निम्मं करून ठेवता येतं.

शाकाहाराचा प्रश्न आधी मिटवू, कारण चीज कुठलं घ्यायचं ते त्यावर ठरतं. दूध विरजायला बऱ्याच चिजांत रेनेट लागतं आणि ते वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून काढलेलं असू शकतं. पार्मेजान, ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो ही नावं ज्या चिजांवर कायद्याने लावता येतात, त्यांत प्राणिज रेनेटच असतं. त्यांचा शाकाहारी प्रकार निघत नाही. म्हणून शाकाहारी पर्यायाच्या पाकिटावर नुसतं ‘इटालियन पद्धतीचं हार्ड चीज’ असं लिहिलेलं असतं, ते घ्यायचं. फेटा आणि हलुमी (तव्यावर भाजून खायचं चीज) दोन्ही प्रकारांत मिळतात. इथल्या सुपरमार्केटांतल्या बऱ्याच पाकिटांवर शाकाहारी असल्याचा उल्लेख असतो, पण ब्रँड बदलला की पुन्हा वाचायचं. रिकोटा हे मऊ चीज दुसऱ्या चिजाच्या निवळीपासून होतं, म्हणून त्यात रेनेट नसेल असं धरून चालू नका. ती निवळी मुळात रेनेट घातलेल्या दुधाची असते. पनीर आणि चक्का निर्धोक, फक्त चक्क्यासाठी दही घेताना त्यात जिलेटिन नाही ना ते पाहायचं. कमी स्निग्धांशाच्या काही योगर्टांत ते असतं.

आता फेटा. चुरा झालेला, डबीतला घेऊ नका. तो कोरडा असतो आणि ओला झाला की पिठासारखा सगळीकडे चिकटतो. खाऱ्या पाण्यातली २०० ग्रॅमची वडी घ्या. नाव फेटा असेल तर ते ग्रीसचं आणि किमान ७० टक्के मेंढीच्या दुधाचं असतं, उरलेलं बकरीचं. गाईच्या दुधाचं ‘सॅलड चीज’ स्वस्त पडतं, पण ते जास्त ठिसूळ असतं आणि त्याची चव नुसती खारट लागते.

वडी काढून किचन पेपरवर १० मिनिटं ठेवा, दोन्ही बाजूंनी टिपा. सुरी न लावता हाताने दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे मोडा. तुमचा गिचका होतो त्याचं कारण ढवळण्यात आहे: चीज कधीच कालवायचं नाही. पानं आणि ड्रेसिंग आधी कालवायचं, पसरट थाळीत काढायचं, आणि चीज वरून पेरायचं. खोल भांडं टाळाच. वाढणारा प्रत्येक जण डावाने तळापासून उकरतो, आणि १० माणसांनंतर उरतो तो चुराच.

मिठाचा हिशेब इथे लोक विसरतात. १०० ग्रॅम फेटात साधारण अडीच ते तीन ग्रॅम मीठ असतं. म्हणजे दोन वड्यांत, ४०० ग्रॅमला, १० ते १२ ग्रॅम. हे दोन सपाट टीस्पून झालं. २० जणांच्या एका सॅलडला तेवढं पुरतं, ड्रेसिंगमध्ये मीठ घालायचंच नाही. फेटा फार खारट लागला तर गार पाण्यात १० मिनिटं बुडवून टिपून घ्या.

पानांचं सॅलड म्हणून मी मारुलोसालाता सुचवेन. ग्रीसमध्ये वसंतात, ईस्टरच्या जेवणात ते हमखास असतं: कॉस लेट्यूस, पातीचा कांदा आणि भरपूर शेपू. आपल्याकडे शेपू म्हटलं की निम्मी पंगत नाक मुरडते, पण कच्चा शेपू लिंबाबरोबर अगदी वेगळा लागतो.

२० जणांसाठी प्रमाण:

कॉस लेट्यूस ४ मोठे गड्डे (निवडून साधारण १ किलो पानं), पातीचा कांदा २ जुड्या, शेपू ४० ग्रॅम (जाड देठ काढून), ऑलिव्ह तेल १२० मिली, लिंबाचा रस ५० मिली, फेसलेली मोहरी १ टीस्पून, मिरपूड, फेटा ४०० ग्रॅम.

लेट्यूस कोबीसारखा बारीक चिरायचा, अर्धा सेंटिमीटर रुंद. हाताने तोडलेली मोठी पानं इथे नकोत, बारीक चिरलेल्या पानालाच शेपू आणि तेल सारखं लागतं. एरवीही अंदाज म्हणून १०० ग्रॅम पानांना १५ ते २० मिली ड्रेसिंग धरा. त्याहून जास्त झालेलं तळाशीच जाणार.

मोहरी चवीपुरती नाही. वाटलेल्या मोहरीतला चिकट अंश तेल आणि रस धरून ठेवतो. लोणच्याला फेसतो तशी पिवळी मोहरी थोड्या पाण्यात फेसा किंवा डिजॉन मोहरी वापरा. अंड्याचं काम इथे मोहरी करते, त्यामुळे तुमचा तोही प्रश्न सुटतो. आधी रस आणि मोहरी एकत्र करायची, मग तेल. सगळं बरणीत घालून झाकण लावून अर्धा मिनिट हलवायचं. दुसऱ्या सॅलडच्या ड्रेसिंगला मीठ हवं असेल तर तेही रसातच आधी विरघळवा, तेलात मीठ विरघळत नाही.

---

हिरवा_वाटाणा

चिजाबद्दल वर सगळं आलंय. मी भाज्यांबद्दल लिहितो, कारण पाण्याची तक्रार चिजामुळे नाही, न टिपलेल्या भाज्यांमुळे आहे.

अ‍ॅस्परॅगसचा इथला मोसम परंपरेने २३ एप्रिल ते २१ जून, म्हणजे तुमच्या तारखेला कोवळंच मिळेल. देठाचं खालचं टोक वाकवा, मोडेल तिथून टाकून द्या. देठ जाड असेल तर खालचा तिसरा भाग पीलरने सोला. ५०० ग्रॅमला ३ लिटर पाणी, त्यात ३० ग्रॅम मीठ, खळखळून उकळी. पेन्सिलीएवढे बारीक देठ दीड मिनिट, अंगठ्याएवढे जाड अडीच ते तीन मिनिटं. झाकण ठेवायचं नाही. भाजीतली आम्लं वाफेबरोबर निघून जायला हवीत, झाकण ठेवलं की ती परत पाण्यात उतरतात. रंग शेवाळी होतो तो या आम्लामुळे: हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. पाणी थोडं असेल तर भाजी टाकल्यावर उकळी बसते, भाजी जास्त वेळ आत राहते, आणि तेच होतं.

सोडा बंद करा. त्याने आम्ल मरतं हे खरं, पण भाजीच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिनही विरघळतं. तुमचा लगदा त्याचाच.

उकळत्या पाण्यातून थेट बर्फाच्या पाण्यात, पण दोन-तीन मिनिटंच. गार झालं की लगेच काढून सुती पंचावर एका थरात पसरायचं. चाळणीत निथळत ठेवणं पुरेसं नाही, गठ्ठ्याच्या मध्ये पाणी राहतं. पंचा वरून दाबून टिपा, मग तिरके तुकडे करा.

लिंबू किंवा व्हिनेगर हिरव्या भाजीला अगदी शेवटी, वाढण्याच्या १०-१५ मिनिटं आधी. रात्री लावून ठेवलं तर सकाळी रंग गेलेला दिसेल, मग उकडताना कितीही काळजी घेतलेली असो.

मटार: १ किलो शेंगांतून साधारण ३५० ते ४०० ग्रॅम दाणे निघतात. ताजे दाणे एक ते दीड मिनिट. शेंगा दोनतीन दिवसांच्या असतील तर साखरेचा स्टार्च झालेला असतो, तेव्हा सरळ फ्रोजन घ्या, ते तोडल्यावर लगेच गोठवलेले असतात. त्यांच्यावर उकळतं पाणी ओतून एक मिनिट ठेवलं की काम झालं. तुमची किटली इथेही पुरेल.

लाल मुळ्याचा पाला घरी आणल्याबरोबर कापून वेगळा करा. राहिला तर तो मुळ्यातलं पाणी ओढतो आणि मुळा मऊ पडतो. दोन मिलिमीटरच्या चकत्या बर्फाच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवल्या की करकरीत होतात, तिखटपणाही उतरतो. मग अर्थातच टिपणं आलं.

पानं: गार पाण्यात १० मिनिटं बुडवा, वर उचलून काढा (पाणी ओतून दिलं तर तळाची माती परत पानांवर बसते), सॅलड स्पिनरमध्ये (पानांचं पाणी झटकायच्या फिरत्या जाळीत) थोडी थोडी फिरवा. स्पिनर भरगच्च भरला की फिरवूनही पानं ओलीच राहतात. पानावर पाणी असेल तर तेल चिकटत नाही, आणि तुम्ही म्हणता ती पांचट चव तिथून येते. रॉकेट घेणार असाल तर आणखी एक: कोवळ्या पानावरचा मेणचट थर तेलाने जातो, त्यामुळे ते २० मिनिटांत मान टाकतं. कॉस जास्त वेळ टिकतं, म्हणून वरची निवड योग्य.

---

मोहरीची_फोडणी

दोघांचेही आभार. दोन सॅलड्स नक्की. बटाट्याच्या सॅलडवर कुठलं चीज घालू? बकरीचं मऊ चीज आणायचा विचार होता. आणि कोणी सांगितलं की कोवळे ब्रॉड बीन्स (बाकल्याच्या शेंगा) आणि पेकोरिनो छान लागतं, ते कसं करतात? हलुमीबद्दलही सांगा, मुलांना आवडतं.

---

रोळी_आणि_चाळणी

ब्रॉड बीन्स आणि पेकोरिनो हा रोमचा १ मेचा बेत आहे. तारीख नेमकी महाराष्ट्र दिनाचीच, पण या जेवणात तो आणू नका. दोन कारणं. पेकोरिनो रोमानो शाकाहारी नाही, हे वर आलंच आहे. दुसरं कारण जास्त गंभीर: ज्यांच्या रक्तात जी-६-पी-डी या एन्झाइमची कमतरता असते, त्यांना या शेंगांनी तांबड्या पेशी फुटून गंभीर त्रास होऊ शकतो. ही कमतरता भारतीयांतही आढळते आणि बऱ्याच जणांना आपल्याला ती आहे हे ठाऊकच नसतं. २० जणांच्या पंगतीत हा धोका कशाला?

घरी करायचं असेल, आणि ही अडचण नसेल, तर: नखाएवढे कोवळे दाणे कच्चेच. मोठे असतील तर दोन मिनिटं उकळून, गार पाण्यात टाकून, वरची राखाडी साल चिमटीत दाबून काढायची. १ किलो शेंगांतून जेमतेम ३०० ग्रॅम दाणे मिळतात, साल काढल्यावर आणखी कमी. त्यावर ऑलिव्ह तेल, मिरपूड आणि पीलरने काढलेले हार्ड चिजाचे पापुद्रे. किसू नका, किसलेलं चीज ओल्या दाण्यांवर विरघळल्यासारखं होतं.

हलुमी: हॉलमध्ये तवा नाही, म्हणून नको. त्याचं दही निवळीतच पुन्हा उकळलेलं असतं, त्यामुळे ते तव्यावर वितळत नाही, नुसतं खरपूस होतं. पण गार झालं की १० मिनिटांत रबर. पाऊण सेंटिमीटर जाडीचे काप, पूर्ण टिपून, कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं, आणि तव्यावरून थेट ताटात. ते घरच्या चार माणसांसाठी ठीक.

---

चक्का_टांगला

पुण्याहून लिहितेय. बटाट्यावर बकरीचं चीज छान लागतं, पण २० जणांना ३५०-४०० ग्रॅम लागेल, महाग पडेल, शिवाय बकरीचा वास सगळ्यांना झेपत नाही. खारा चक्का करा. लेबनानमध्ये याला लबने म्हणतात, करायची रीत आपल्या श्रीखंडाच्या चक्क्याचीच, फक्त मीठ घालून आणि जास्त वेळ टांगून.

घट्ट, पूर्ण स्निग्धांशाचं दही १ किलो, मीठ ८ ग्रॅम. मीठ दह्यात नीट मिसळून मलमलच्या दुहेरी कापडात बांधा आणि फ्रिजमध्ये खोल भांड्यावर २४ तास टांगा. बाहेर टांगलं तर तेवढ्या वेळात आंबट ढाण होतं. श्रीखंडाला ६-८ तास पुरतात, इथे चोवीसच लागतात, नाहीतर गोळे वळत नाहीत. दह्याच्या घट्टपणाप्रमाणे ४०० ते ५०० ग्रॅम चक्का मिळेल. हाताला तेल लावून सुपारीपेक्षा थोडे मोठे, २० ग्रॅमचे गोळे वळा, ताटलीत पेपरवर झाकून रात्रभर फ्रिजमध्ये सुकवा. हे गोळे बटाट्यावर तसेच राहतात, कोणी उचलला तरी बाकीचं सॅलड पांढरं होत नाही.

महाराष्ट्रातून हा धागा वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात उन्हाने लेट्यूस कडू होतो, त्यामागे लागू नका. काकडी, ओल्या हरभऱ्याचे शेवटचे दाणे, पुदिना आणि कैरी घ्या. काकडी ५०० ग्रॅम, चिरून १ टीस्पून मीठ लावून २० मिनिटं चाळणीत, मग पिळून न काढता टिपून. ड्रेसिंगला लिंबाऐवजी ५० ग्रॅम कैरीचा कीस, ६० मिली शेंगदाण्याचं किंवा ऑलिव्ह तेल, मूठभर पुदिना असं वाटायचं. कैरीचा आंबटपणा झाडागणिक वेगळा, म्हणून कीस एकदम सगळा घालू नका.

यात पनीर तसंच टाकलं तर मिळमिळीत लागतं, त्याला ना मीठ ना आंबटपणा. ५०० मिली पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घालून उकळा, पूर्ण गार करा, २ टेबलस्पून व्हिनेगर घाला. २५० ग्रॅम पनीरचे एक सेंटिमीटरचे तुकडे त्यात २४ तास फ्रिजमध्ये बुडवून ठेवा. मोठे तुकडे केले तर मीठ मध्यापर्यंत पोचत नाही. हे फेटासारखं होतं असं मी म्हणणार नाही, मेंढीच्या दुधाची चव कुठून आणणार. पण कैरीबरोबर चांगलं लागतं. आणि कोणी म्हणेल की कैरी घालून केलेली वाटली डाळ असताना हे सगळं हवंच कशाला, तर त्यांचंही बरोबर आहे.

---

खारवलेलं_लिंबू

खारा चक्का उत्तम सूचना, बटाट्यावर तोच घ्या. मग बटाट्याचं प्रमाण असं:

जर्सी रॉयल दीड किलो, अ‍ॅस्परॅगस ५०० ग्रॅम, मटार ३०० ग्रॅम, लाल मुळे २ जुड्या, पुदिना ३० ग्रॅम, व्हाइट वाइन व्हिनेगर ४५ मिली, ऑलिव्ह तेल १०० मिली, एका लिंबाची किसलेली साल, चक्क्याचे २० गोळे. हिरव्या भाज्या मिठाच्या पाण्यातून येतात आणि चक्का खारा आहे, म्हणून व्हिनेगरमध्ये वरून अर्धा टीस्पूनच मीठ.

बटाटे सोलायचे नाहीत, साल पापुद्र्यासारखी असते, घासून धुतली की झालं. सारख्या आकाराचे करून गार, मीठ घातलेल्या पाण्यात चढवा आणि उकळी आल्यावर मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून फुटतात, आत कच्चे राहतात. निथळून, वाफ निघून जाईपर्यंत पाचेक मिनिटं थांबा आणि गरम असतानाच व्हिनेगर शिंपडा. गरम बटाटा ते शोषून घेतो, गार बटाट्यावरून ते ओघळतं. तेल मात्र कोमट झाल्यावर, कारण तेल आधी लावलं तर व्हिनेगर आत जात नाही. चक्का पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर गोळे वितळून तुमचा गिचका परत.

वेळापत्रक:

शनिवारी दुपारी चक्का टांगा, रविवारी संध्याकाळी गोळे वळा. रविवारी रात्री बटाटे उकडून व्हिनेगर-तेल लावून फ्रिजमध्ये. हिरव्या भाज्या उकडून, टिपून, पेपर घातलेल्या डब्यात वेगळ्या. लेट्यूस धुऊन, फिरवून, अख्खी पानं कोरड्या पंचात गुंडाळून. ड्रेसिंगची बरणी तयार.

सोमवारी सकाळी १० वाजता धारदार सुरीने लेट्यूस चिरा. बोथट सुरीने कडा चेचतात आणि तपकिरी होतात. बटाटे फ्रिजबाहेर काढा, गारढोण बटाट्याला चव नसते. शेपू, कांद्याची पात, पुदिना, फेटा सगळं वेगवेगळ्या डब्यांत. पुदिना तिथेच हाताने तोडा, आधी चिरला तर काळा पडतो.

हॉलवर १२:१५ ला बटाट्यात भाज्या, मुळे, पुदिना आणि लिंबाची साल मिसळून वर चक्का. १२:२५ ला लेट्यूस कालवा आणि फेटा पेरा. निम्मंच कालवा, निम्मं फ्रिजमध्ये कोरडं ठेवा, पहिली थाळी संपली की दुसरी.

---

मोहरीची_फोडणी

एकदम स्पष्ट झालं. उरलं तर काय करायचं? फेटाची एखादी वडी शिल्लक राहीलच.

---

रोळी_आणि_चाळणी

कालवलेली पानं ठेवू नका, दुसऱ्या दिवशी ती खाण्यासारखी नसतात. न कालवलेली निम्मी पानं कोरडी असतील तर दोन दिवस चालतात. बटाट्याचं सॅलड टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं असेल तर टाकून द्या, कमी वेळ राहिलं असेल तर झाकून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवा.

फोडलेल्या फेटाची वडी साध्या पाण्यात ठेवायची नाही. मीठ बाहेर जातं आणि वडी बुळबुळीत होते. १०० मिली पाण्याला ६-७ ग्रॅम मीठ, वडी पूर्ण बुडेल एवढं, झाकणाच्या डब्यात. पाचेक दिवस चांगली राहते.